मेश्राम मॅडम कुणाच्या लाभार्थी नव्हत्या

रामदासपेठेतल्या एका समाजसेवी संस्थेने आपल्या कामाची एक गुळगुळीत कागदाची पुस्तिका काढली आणि तिच्यात आमच्या मेश्राम मॅडमचा फोटो छापला. मोठ्या पातेल्यात पळी फिरवताना, घामाघूम, नाकावर चष्मा घसरलेला. खाली ओळ होती, ‘आमच्या एक लाभार्थी, कै. कुसुमताई.’ मी ज्या खासगी दवाखान्यात बिलाच्या काउंटरवर बसते, तिथल्या सोफ्याजवळ ही पुस्तिका पेशंटच्या नातेवाइकांना चाळायला ठेवली होती. मी ती चाळली आणि त्या दिवशी दिसेल त्याच्याशी भांडले.

‘कै.’ म्हणजे कैलासवासी. छप्पन साली आईच्या कडेवर बसून जिने धम्मदीक्षेचा सोहळा पाहिला, आणि जी पुढे आयुष्यभर तेवढ्या एका गोष्टीवर मान ताठ ठेवून जगली, तिला मेल्यावर परस्पर कैलासात पाठवून दिलं. आमच्यात ‘कालकथित’ लिहितात. वस्तीत कुणालाही विचारलं असतं तर सांगितलं असतं, पण विचारायची या मंडळींना सवय नाही. आणि लाभार्थी? ज्या बाईने दोन वर्षं यांच्या नाकी नऊ आणले, तिला लाभ कसला झाला म्हणायचा? उलट यांनाच तिच्याकडून काही शिकता आलं असतं, तर तो लाभ झाला असता. तोही त्यांनी करून घेतला नाही.

मॅडम असत्या तर पुस्तिका पर्समध्ये कोंबून, स्कूटी काढून थेट तिथे जाऊन उभ्या राहिल्या असत्या. त्या नाहीत म्हणून मी लिहायला बसले आहे. माझा राग नुसताच जळतो, त्यांचा कामाला लागायचा.

कुसुम मेश्राम आमच्या शेजारी राहायच्या. दोन्ही घरांत एकच भिंत, त्यामुळे त्यांचं भांडण आणि त्यांची फोडणी दोन्ही आमच्या घरात ऐकू यायचं. खाप्याच्या शाळेत त्यांनी विज्ञान शिकवलं. रोज एसटीने जायच्या, एसटीने यायच्या, आणि कंडक्टरपासून प्रवाशांपर्यंत सगळ्यांना आपले विद्यार्थी समजायच्या. नवरा रेल्वेत होता, तो लवकर गेला. मुलगा पुण्याला. तो बोलवायचा, या दोन आठवडे जाऊन परत यायच्या. तिथे करमत नाही का विचारलं तर म्हणायच्या, सोसायटीत सगळे फार सभ्य आहेत, भांडायला कुणी मिळत नाही.

बुटक्या, अंगाने भरलेल्या. साड्या पोपटी, जांभळ्या, राणी रंगाच्या, सगळ्या डोळ्यांत भरणाऱ्या. शिकल्यासवरल्या विधवा बाईने फिक्या साड्या नेसाव्यात असं कुणी सुचवलं की त्या पुढच्या आठवड्यात आणखी भडक साडी आणायच्या. केसांना काळाभोर रंग. रंग लावायला उशीर झाला की भांगात पांढरी रेघ दिसायची आणि त्या दिवसांत मॅडम जरा जास्तच तापट असायच्या. आवाज पत्र्याच्या वर्गखोलीत शिकवून तयार झालेला. हळू बोलणं त्यांना जमत नसे, त्यामुळे त्यांच्याजवळ गुपित ठेवायला वस्तीत कुणी जात नसे.

गुण फक्त चांगलेच होते असं मुळीच नाही. कॅरममध्ये सरळसरळ चिटिंग करायच्या आणि पकडलं की बोर्डावर पावडर जास्त पडली म्हणायच्या. त्यांच्या मुलाच्या लग्नात कुणी काही बोललं होतं, त्या घराशी वर्षभर अबोला धरला. दारू पिऊन गल्लीत गोंधळ घालणाऱ्या माणसाला त्या त्याच्या लेकरांसमोर फाडून खायच्या, तेव्हा त्या लेकरांचे चेहरे त्यांना दिसत नसत. दर रविवारी सुकट भाजायच्या, तेही दार सताड उघडं टाकून. वास गेला पाहिजे, आपण काय खातो ते लोकांना कळलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट.

काही शब्द त्यांच्यासमोर चालत नसत. ‘बिचारे’ म्हटलं की संपलं. ‘या लोकांना’ असं कुणी म्हणालं तर त्या शांतपणे विचारायच्या, “कोन्या लोकाइले?” समोरचा गडबडायचा, म्हणायचा, म्हणजे वस्तीतल्या. त्या म्हणायच्या, “मी वस्तीतलीच आहो. मले सांगा.” खरं तर त्या पुस्तकी मराठी उत्तम बोलायच्या, शाळेत तीच बोलायच्या. पण बाहेरून कुणी भलं करायला आलं की मुद्दाम आमच्या बोलीत सुरू व्हायच्या. तुमची भाषा आम्ही शिकलो, आता थोडी आमची तुम्ही ऐका, असं त्यांचं म्हणणं.

आणि आमच्याकडे भलं करायला कोण यायचं नाही? जानेवारीत चादरी घेऊन येत, जूनमध्ये वह्या, डिसेंबरात कुणाच्या तरी वाढदिवसाची बिस्किटं. मॅडम प्रत्येकाला दारातल्या लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवायच्या, चहा द्यायच्या आणि विचारायच्या, तुमचं घर कुठे? धरमपेठ, बजाजनगर, असं काहीतरी उत्तर यायचं. मग त्या विचारायच्या, “मंग आमी कदी येऊ?” माणूस हसायचा. त्यांना हे विनोदी वाटायचं. पण आपल्याकडे कुणी घरी येऊन गेलं की आपण त्याच्या घरी जातो, ही साधी रीत आहे, आणि मॅडम ती अगदी गंभीरपणे विचारत असायच्या.

एकदा एका कॉलेजची मुलं-मुली हात कसे धुवावेत ते शिकवायला आली. सगळ्यांच्या अंगात सारखे पांढरे टी-शर्ट. बायकांना वस्तीतल्या बुद्धविहारासमोर रांगेत बसवलं. या बायका म्हणजे अर्ध्या शहराची भांडी घासणाऱ्या. ज्यांचे हात सकाळपासून साबणाच्या पाण्यात असतात, बोटांच्या चिरा ज्यांच्या बुजत नाहीत, त्यांना एक मुलगी बोटांच्या बेचक्या कशा चोळायच्या ते गाण्यावर दाखवत होती. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मॅडमनी पूर्ण होऊ दिलं, टाळ्याही वाजवल्या. मग उठून एक रिकामी बादली आणली आणि त्या मुलीच्या हातात दिली.

“आता पानी आन, बाई. हात धुवाले येते आमाले. नळाले पानी कदी येते, ते कोनी सांगत नाही.”

मुलीने गल्लीतले नळ फिरवून पाहिले. पाणी आदल्या दिवशी आलं होतं, म्हणजे उद्या येणार, आलं तर. पोरांचे चेहरे पाहण्यासारखे झाले. त्यांच्यासोबतचे प्राध्यापक लगबगीने म्हणाले, की आमचा विषय फक्त जनजागृतीचा आहे. मॅडम म्हणाल्या, आम्ही जागेच आहोत, पाण्यासाठी पहाटे चारला उठतो. हे त्यांनी तसंच तोंडावर सांगितलं. पण त्या मुलीला त्यांनी अपमान करून घालवलं नाही. दुसऱ्या दिवशी तिला स्कूटीवर मागे बसवून महापालिकेच्या झोन ऑफिसात नेलं. ती मुलगी पुढे कितीतरी दिवस येत राहिली, स्वतःहून, टी-शर्ट न घालता. मदत करणाऱ्या माणसाचा मॅडमना राग नव्हता, हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर त्यांच्याबद्दल तसं पसरवलं गेलं.

आता त्या फोटोतल्या चुलीकडे येते.

आमच्या वस्तीतल्या बऱ्याच बायका संध्याकाळची भांडी करून आठच्या पुढे घरी येतात. तोवर पोरं उपाशी, पाकिटातलं काहीतरी चघळत बसलेली. विहाराच्या मागे एक पत्र्याची शेड होती. मॅडमनी आयांना गोळा केलं आणि तिथे संध्याकाळची चूल सुरू झाली. जिला ज्या दिवशी सुट्टी, तिने त्या दिवशी रांधायचं. प्रत्येकीने घरून मूठ मूठ आणायचं. वरण-भात, कधी आलूपोहे, आठवड्यातून दोनदा अंड्याचा रस्सा. पोरं शेडमध्ये जेवायची, आणि मग विहारात अभ्यासाला बसायची. यात सगळ्यात हौशी होती शालू. नवरा सोडून गेलेली, दोन मुलींची आई, रामदासपेठेतल्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर कामाला. तिच्या हातचा रस्सा असला की पोरं ताट चाटायची.

ही गोष्ट त्या संस्थेच्या कानावर गेली आणि अध्यक्ष देवयानीताई आल्या. त्यांना वाईट बाई म्हणता येत नाही, हाच खरा ताप होता. मऊ आवाज, हातमागाची साडी, बोलताना समोरच्याचा हात हातात घ्यायची सवय. म्हणाल्या, आम्ही गॅस देतो, भांडी देतो, धान्य देतो. मॅडमनी बायकांची बैठक घेतली. सगळ्यांना हवं होतं, का नसावं? मॅडमनी हो म्हटलं.

पहिल्याच महिन्यात शेडवर संस्थेची पाटी लागली. मग जेवणाआधी डोळे मिटून श्लोक म्हणायची पद्धत आली. शिकवायला एक ताई यायची. त्या मुलांना स्वतःची वंदना येत होती, ती विहारात रोज म्हणत होती, पण ती कुणी मोजतच नव्हतं. मग नखं तपासणं आलं. मग अंडी बंद झाली. देवयानीताईंनी मऊ आवाजात समजावलं, की सात्त्विक आहाराने मुलांची मनं शांत राहतात आणि या मुलांना त्याची जरा जास्त गरज आहे. या मुलांना. मी तिथे होते. माझी कानशिलं तापली, आणि मॅडमनी चष्मा काढून पुसला, जो त्या फक्त राग गिळताना पुसायच्या.

संक्रांतीच्या दिवसांत तर कहर झाला. संस्थेने बायकांसाठी हळदीकुंकू ठेवलं, तेही आमच्या विहाराच्या सभागृहात. आमच्यातल्या अर्ध्या जणी टिकली लावतात, कामाच्या घरी हळदीकुंकवाला जाऊन वाण घेऊनही येतात, तो प्रश्नच नव्हता. पण बुद्धाच्या मूर्तीसमोर बसवून, कुणाला न विचारता? शिवाय विधवा आणि सोडलेल्या बायका वेगळ्या बाजूला बसवल्या. त्यांना वाईट वाटू नये म्हणून, असं कारण दिलं. शालू त्या बाजूला, मॅडम त्या बाजूला. जी गोष्ट आमच्या आज्यांनी फेकून दिली, ती या बायांनी गोड आवाजात परत आमच्या घरात आणून मांडली. वाण काय, तर साबण आणि नेलकटर. मॅडमनी ते घेतलं, धन्यवाद म्हटलं आणि पर्समध्ये ठेवलं. मला वाटलं, वय झालं आता यांचं.

त्यानंतर जेवण संस्थेच्या मोठ्या स्वयंपाकघरातून गाडीने यायला लागलं. बायकांची पाळी संपली. तुम्ही दमून येता, आता आराम करा, असं सांगण्यात आलं. ज्या वेळी बाई स्वतःच्या पोरासाठी पळी फिरवते त्या वेळी तिला आराम हवा असतो, हे यांना कुणी सांगितलं? आणि आराम तरी कुठला, रविवारी सकाळी ‘सुजाण माता वर्ग’ सुरू झाला. मुलांना काय खाऊ घालावं, त्यांच्याशी कसं बोलावं. शिस्त लागावी म्हणून नियम केला, की जी आई वर्गाला येणार नाही तिच्या मुलांचं ताट त्या आठवड्यापुरतं बंद.

शालूला रविवारी सुट्टी नव्हती. सोमवारी तिच्या दोन्ही मुली शेडच्या दारातून परत आल्या. धाकटी रडत नव्हती, मोठी रडत होती, कारण मोठीला कळलं होतं. त्या मॅडमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मॅडमनी त्यांना आत घेतलं, अंडी फोडली, पोळ्या लाटल्या. भिंतीपलीकडून मला फक्त तव्याचा आवाज येत होता. मी नवऱ्याला म्हटलं, आता काही खरं नाही.

पुढच्या रविवारी अकराच्या सुमारास आम्ही पाच-सहा जणी रामदासपेठेत देवयानीताईंच्या इमारतीखाली उभ्या होतो. मॅडम जांभळ्या साडीत. शालूही होती, कारण ती कामाला जायची ती हीच इमारत, आणि त्या दिवशी तिने काम लवकर उरकलं होतं. वॉचमनने शालूला ओळखून आम्हा सगळ्यांना मागच्या लिफ्टकडे वळवलं.

मॅडम म्हणाल्या, “आमी पाहुने आहो, दादा. पाहुन्याची लिफ्ट कोनती?”

त्याने समोरची लिफ्ट दाखवली. शालू तिच्यात पहिल्यांदाच चढत होती. आरशात स्वतःला पाहून तिने पदर सारखा केला.

देवयानीताईंनी दार उघडलं आणि त्यांचा चेहरा असा झाला, की मला आजही तो आठवला की बरं वाटतं. म्हणाल्या, आधी कळवायचं ना. मॅडम म्हणाल्या, तुम्ही कधी कळवून आला नाहीत, म्हणून आम्हीही नाही कळवलं, असं अचानक आलं की घर खरं दिसतं. आणि पर्समधून तोच साबण आणि तेच नेलकटर काढून त्यांच्या हातात दिलं. पाहुण्याने रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून.

मग मॅडमनी सगळं तसंच केलं, जसं आमच्याकडे झालं होतं. कुठेही आवाज चढवला नाही. स्वयंपाकघर दाखवा म्हणाल्या. ओटा पाहिला, डबे पाहिले, फ्रिज उघडायला लावला. सगळं चकचकीत होतं. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा नुकताच उठून बाहेर आला होता, टेबलावर रात्रीच्या पिझ्झाचे खोके पडले होते. मॅडमनी त्याला नखं दाखवायला सांगितली. त्याने हसत दोन्ही हात पुढे केले. तो एकटाच त्या घरात त्या दिवशी मजेत होता. मॅडम म्हणाल्या, नखं छान आहेत, पण घरचं वरण-भात मुलाला आवडत नाही असं दिसतं, आमच्या बायका येऊन एक वर्ग घेतील, ताईंनी रविवारी वेळ काढावा.

“हे फार पर्सनल होतंय, मॅडम,” देवयानीताई म्हणाल्या. आवाज तेव्हाही मऊच होता.

“हो. जेवन पर्सनलच असते.”

मग देवयानीताई म्हणाल्या, की अंड्यांचा विषय असेल तर आमच्या घरातही ती येत नाहीत, आमच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. मॅडमनी मान हलवली.

“नका आनू. आमी कदी म्हटलं का ताई, तुमच्या पोराले अंडं चारा म्हणून? तुमचा देव तुमच्या घरी. आमच्या चुलीवर काहून आनून बसवता त्याले?”

“आम्ही तुमच्यासाठी इतकं करतो आणि...”

“तेच तं सांगून राहिली मी. आमच्यासाठी करता, म्हणून आमाले विचारत नाही तुमी. हिच्या पोरी सोमवारी उपाशी वापस आल्या. काहून, तं हे तुमच्या शाळेत आली नाही म्हणून. ते कुठं होती? याच बिल्डिंगीत, खालच्या माळ्यावर, भांडे घासत.”

देवयानीताईंनी शालूकडे पाहिलं. बहुधा पहिल्यांदाच नीट पाहिलं. आणि त्यांनी काय केलं? शालूचा हात हातात घेतला. शालूने तो सोडवून घेतला.

त्यानंतर काय होणार हे कुणीही सांगितलं असतं. आठवड्याच्या आत टेम्पो आला. गॅस, शेगड्या, पातेली, पाण्याचा फिल्टर, सगळं चढवून नेलं. पाटीही काढून नेली, तिचे खिळे मात्र भिंतीतच राहिले. वस्ती सहकार्य करत नाही, तिथलं नेतृत्व नकारात्मक आहे, असं संस्थेच्या लोकांनी सगळीकडे सांगितलं. आणि चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी शालूला दुसऱ्या दिवशीपासून येऊ नको म्हटलं. सोसायटीत चर्चा झाली होती म्हणे. या चर्चा करणाऱ्यांपैकी निम्म्यांची पोरं शालूने आंघोळी घालून शाळेत पाठवली होती.

शालू भर गल्लीत मॅडमच्या दारात येऊन ओरडली. कुणी मॅडमना असं बोलल्याचं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

“तुमाले पेन्शन हाये, मॅडम. तुमी भांडा. मले काय हाये?”

मॅडमना माफी मागता येत नसे, तो त्यांचा जुना दोष. त्यांनी दुसऱ्या दिवशी घरातला स्वतःचा गॅस आणि शेगडी उचलून शेडमध्ये नेऊन ठेवली आणि आपलंही रात्रीचं जेवण तिथेच सुरू केलं. मग स्कूटीवर फिरून ओळखीपाळखीतून शालूसाठी एका शाळेत मदतनिसाची जागा पाहिली, तिथल्या मुख्याध्यापिकेला शब्द दिला, आणि येऊन शालूला सांगितलं, की सोमवारपासून जायचं.

शालू म्हणाली, “मले विचारलं का?”

मी तिथेच होते, ताटं मांडत. मला वाटलं, आता स्फोट होणार. पण मॅडम खाली बसल्या, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. “नाही विचारलं,” त्या म्हणाल्या, “चुकलीच मी.” आयुष्यभर लोकांना जो प्रश्न विचारला तो आपल्यावरच आला, हे त्यांना झोंबलं होतं, पण त्यांनी तो टाळला नाही. शालूने काम स्वतः शोधलं, काटोल रोडवरच्या एका मेसमध्ये, दुपारी चारला सुटणारं. त्या शाळेत ती गेली नाही. पण संध्याकाळी शेडमध्ये आली आणि मॅडमच्या हातातली पळी काढून घेतली. मॅडमचा रस्सा पांचट होतो, हे तिने सगळ्यांसमोर सांगितलं. त्यानंतर चुलीवर काय शिजेल ते शालू ठरवायची आणि मॅडम कांदे चिरायच्या, तेही तिला हवे तसे बारीक नाही म्हणून बोलणी खात. या काळातला त्यांचा एकही फोटो नाही. पुस्तिकेत छापलेला आहे तो आधीचा, संस्थेच्या माणसाने काढलेला.

गेल्या वर्षी मॅडमचं पोट फुगायला लागलं. लिव्हर गेलं होतं. आयुष्यात थेंब न घेतलेल्या बाईचं लिव्हर. मी माझ्या दवाखान्यात ओळखीने खोली मिळवून देते म्हटलं, मुलगा पुण्याला नेतो म्हणाला. त्या सरकारी दवाखान्याच्या वॉर्डातच राहिल्या. तिथल्या नर्सबाई त्यांच्या खाप्याच्या विद्यार्थिनी निघाल्या, त्यांच्यावर त्या पलंगावरून हुकूम सोडायच्या. पुढे हुकूमही थांबले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की जे खावंसं वाटेल ते द्या. ते कशासाठी सांगतात हे मला कळत होतं. मी व्हरांड्यात जाऊन भिंतीला टेकून रडले.

शालू रोज संध्याकाळी चुलीवरचा डबा घेऊन यायची. त्या दिवशी भात आणि अंड्याचा रस्सा होता. मॅडमना उशीला टेकवून बसवलं. हात कापत होता, तरी त्या भरवू देत नव्हत्या. नर्सने चमचा पुढे केला, त्यांनी मानेनेच नाही म्हटलं आणि पाची बोटांनी कालवायला घेतलं.

इतक्यात वॉर्डात गर्दी शिरली. कुण्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं फळवाटप. गळ्यात उपरणी, पुढे टोपल्या, मागे कॅमेरेवाला. पलंगामागून पलंग करत आली ती मंडळी. प्रत्येक पलंगाशी तेच, फळ हातात द्यायचं, रुग्णाने ते धरायचं, सगळ्यांनी कॅमेऱ्याकडे पाहायचं. ज्यांच्या नाकात नळ्या होत्या त्यांच्या छातीवर केळी ठेवली. आमच्या पलंगाशी आल्यावर एक जण म्हणाला, “आजी, हे बाजूला ठेवा थोडं. फळ घ्या, फोटो काढू.” दुसऱ्याने डब्यात डोकावून नाक मुरडलं आणि पेशंटला असलं कशाला देता म्हणून शालूला विचारलं. शालू त्याच्यावर उठणारच होती, मी तिचा हात धरला.

मॅडमनी वर पाहिलंही नाही. त्या जेवत राहिल्या. घास करायचा, तो तोंडापर्यंत न्यायचा, वाटेत अर्धा सांडायचा, पुन्हा गोळा करायचा. उजवा हात भाताने माखलेला, डाव्याने ताट घट्ट धरलेलं. फळ घ्यायला एकही हात मोकळा नव्हता. मंडळी थांबली. उपरणंवाले एकमेकांकडे पाहू लागले. कॅमेरेवाल्याने दोनदा कॅमेरा उचलला आणि खाली घेतला, कारण अंड्याच्या रश्श्याने माखलेला हात त्याला नको होता. कुणीतरी म्हणालं, आजी, लवकर. मॅडमनी अंड्याचा एक तुकडा बोटांनी हळूहळू कुस्करला, भातात मिसळला, आणि आणखी हळू जेवायला लागल्या. त्यांना भूक नव्हती. दुपारपासून पाण्याचा घोटही पोटात टिकत नव्हता. तरी त्या जेवत होत्या, आणि ते सगळे पलंगाभोवती फळं हातात घेऊन उभे होते.

भेटायची वेळ संपल्याची घंटा झाली. खाप्याची ती नर्स आली आणि तिने सगळ्यांना बाहेर काढलं. पेशंट जेवून राहिल्या आहेत, दिसत नाही का तुमाले, असं म्हणत अगदी दारापर्यंत हाकलत नेलं.

वॉर्ड रिकामा झाल्यावर मॅडमनी ताटातलं शेवटचं शीत बोटाने टिपलं. शालूने पाणी पुढे केलं, त्यांनी ताटातच हात धुतला. मग डोळे मिटून उशीवर मागे टेकल्या. त्या थकल्या होत्या, आता काही बोलणार नाहीत असं वाटून मी डबा भरायला घेतला.

“शालू,” त्या म्हणाल्या, “मीठ कमी झालं वं आज. पोराइले वाढाच्या आधी चाखून पाह्यत जा.”

शालू म्हणाली, मीठ बरोबर आहे, तुमचीच जीभ गेली आहे. मॅडमनी डोळे न उघडताच तिच्याशी वाद घालायला सुरुवात केली.